पतसंस्थेची रात्रीची कामे एसक्यूएल सर्व्हर एजंटवर कशी लावावीत

काउंटर बंद झाल्यावर पतसंस्थेत कामे संपत नाहीत. पिग्मी (रोजच्या छोट्या ठेवी घरोघर जमवणाऱ्या) एजंटांच्या मशीनमधली वसुली खात्यांवर चढवायची असते, व्याजाची तरतूद करायची असते, तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावेची बेरीज) जुळवायची असते आणि बॅकअप काढून दुसऱ्या मशीनवर ठेवायचा असतो. पुष्कळ ठिकाणी एक कर्मचारी नऊ-साडेनऊपर्यंत थांबतो आणि एकेक मेनू उघडून ही कामे उरकतो. तो रजेवर गेला की क्रम चुकतो, तारीख चुकते किंवा बॅकअप राहून जातो.

संस्थेचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल, तर ही सगळी साखळी ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या ‘एसक्यूएल सर्व्हर एजंट’ या सेवेकडे सोपवता येते. इथे दिलेल्या पायऱ्या २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांना आणि मॅनेजमेंट स्टुडिओला (सर्व्हर हाताळायच्या साधनाला) धरून आहेत. जॉब, म्हणजे एजंटने क्रमाने चालवायच्या स्टेपची यादी, तयार करायला अर्धा तास पुरतो. खरी मेहनत जॉब अर्ध्यावर पडला, दोनदा चालला किंवा चाललाच नाही, तर काय होईल याची सोय करण्यात आहे. म्हणून या लेखात त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

आधी कागदावर

मॅनेजमेंट स्टुडिओ उघडण्यापूर्वी कामांचा क्रम लिहून काढा. साधारण पतसंस्थेत तो असा असतो: दिवस बंद झाला आहे का ते तपासणे, प्रक्रियेआधीचा बॅकअप, पिग्मी वसुलीची पोस्टिंग, व्याजाची तरतूद, तेरीज जुळते का ते पाहणे, प्रक्रियेनंतरचा बॅकअप, आणि शेवटी बॅकअपची प्रत दुसऱ्या मशीनवर. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी नोंदवा: हे फसले तर पुढचे काम चालू द्यायचे का, आणि हे दुसऱ्यांदा चालवले तर नुकसान होते का. बॅकअप दोनदा निघाला तर फक्त डिस्कची जागा जाते. व्याज दोनदा पडले तर सभासदांची खाती बिघडतात.

याच कागदावर तारखेचाही निर्णय घ्या. रात्री ११:४० ला सुरू झालेली प्रक्रिया १२:१० ला संपली, तर सर्व्हरच्या घड्याळाची तारीख मध्येच बदलते. घड्याळावरून तारीख घेणारी प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेला एसक्यूएल प्रोग्राम) मग निम्म्या नोंदी एका तारखेला आणि निम्म्या दुसऱ्या तारखेला टाकते. म्हणून तारीख कायम संस्थेच्या ‘कामकाजाची तारीख’ ठेवणाऱ्या टेबलमधून घ्यावी, सर्व्हरच्या घड्याळाची वेळ देणाऱ्या गेटडेट फंक्शनमधून नव्हे.

एजंट आहे का, चालू आहे का

एक्सप्रेस आवृत्तीत एजंट चालत नाही. सेवांच्या यादीत त्याचे नाव दिसले, तरी तो सुरू होत नाही. एक्सप्रेस वापरणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता पुढे दिला आहे. स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझ असेल, तर ‘एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर’ उघडून एजंटचा ‘स्टार्ट मोड’ पाहा. इन्स्टॉल करताना कोणी बदलला नसेल, तर तो ‘मॅन्युअल’ असतो. म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट झाला की एजंट बंदच राहतो, आणि कोणताही जॉब एकही चूक न दाखवता चालायचा थांबतो. तो ‘ऑटोमॅटिक’ करा.

त्यानंतर मॅनेजमेंट स्टुडिओत एजंटच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘हिस्टरी’ पानावर जा. इथे एकूण १,००० ओळी आणि प्रत्येक जॉबला १०० ओळी अशी मर्यादा आधीपासून असते. दर १५ मिनिटांनी चालणारा एका स्टेपचा जॉब प्रत्येक वेळी दोन ओळी लिहितो. म्हणजे त्याचा इतिहास जेमतेम साडेबारा तासांचा उरतो, आणि सोमवारी सकाळी शनिवारचा बिघाड शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मर्यादा १०,००० आणि १,००० अशी वाढवा.

जॉबचा मालक आणि त्याचे अधिकार

जॉब जो तयार करतो तोच त्याचा मालक होतो. पुढे तो कर्मचारी संस्था सोडतो, त्याचे विंडोज खाते बंद होते, आणि त्या रात्रीपासून जॉब फेल जाऊ लागतो. इतिहासात ‘मालकाला सर्व्हरवर प्रवेश आहे की नाही हे ठरवता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसतो. मालक म्हणून ‘एसए’ (सर्व्हरचे मुख्य प्रशासकाचे लॉगिन) लावणे हा सोपा उपाय आहे. सुरक्षेसाठी एसए लॉगिन बंद ठेवले असेल तरी त्याच्या मालकीचे जॉब चालतात.

मात्र एसएच्या मालकीच्या जॉबला सगळे अधिकार मिळतात. म्हणून स्टेपमध्ये लांबलचक एसक्यूएल न लिहिता फक्त प्रोसिजर बोलवावी. त्या प्रोसिजरमध्ये कोण बदल करू शकतो, हे मग डेटाबेसच्या परवानग्यांवरून ठरवता येते.

बॅकअपची फाइल एजंटचे खाते लिहीत नाही, डेटाबेस इंजिनचे खाते लिहिते. त्यामुळे बॅकअपच्या फोल्डरवर परवानगी इंजिनच्या सेवा-खात्याला द्यावी लागते. ती नसेल तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५’ येते. ‘एरर ३’ आली तर रस्ताच सापडत नाही असे समजा. तुमच्या लॉगिनमध्ये दिसणारा झेड ड्राइव्ह सेवेला दिसत नसल्यामुळे ती येते. नेटवर्कवरच्या फोल्डरचा पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघांपासून सुरू होणारा, पूर्ण लिहा.

जॉब बांधणे

एजंटखालच्या ‘जॉब्स’वर उजवी क्लिक करून ‘न्यू जॉब’ घ्या. ‘जनरल’ पानावर नाव, मालक आणि वर्णन भरा. वर्णनात हा जॉब फेल गेल्यास कोणाला कळवायचे आणि पुन्हा चालवणे सुरक्षित आहे का, हे मराठीत लिहून ठेवा. रात्री फोन येईल तेव्हा समोरच्या माणसाला तेच वाचायला मिळते.

‘स्टेप्स’ पानावर कागदावरच्या क्रमाने स्टेप घाला. प्रकार ‘ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल’ ठेवा आणि ‘डेटाबेस’च्या खान्यात संस्थेचा डेटाबेस निवडा. हा खाना ‘मास्टर’ या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसवरच राहणे ही फार नेहमीची चूक आहे. मग ‘प्रोसिजर सापडली नाही’ असा संदेश येतो आणि माणूस परवानग्या तपासत बसतो.

प्रत्येक स्टेपच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर यश आल्यास आणि अपयश आल्यास काय करायचे ते ठरवा. आमच्या साखळीत अपयश आले की ‘क्विट द जॉब रिपोर्टिंग फेल्युअर’, म्हणजे जॉब तिथेच थांबवून चूक नोंदवायची. पिग्मी पोस्टिंग फसली असताना व्याजाकडे जाऊच नये. यश आल्यास पुढची स्टेप, आणि शेवटच्या स्टेपला ‘क्विट द जॉब रिपोर्टिंग सक्सेस’. नंतर मध्ये एखादी स्टेप घातली किंवा काढली की या उड्या पुन्हा तपासा. जतन करताना ‘या स्टेपपर्यंत पोहोचता येत नाही’ अशी सूचना आली तर ती वाचल्याशिवाय ‘येस’ दाबू नका.

त्याच पानावर ‘रिट्राय’ आहे. सुरुवातीला तो शून्य असतो. पहिल्या तपासणीच्या स्टेपला ३ प्रयत्न आणि मध्ये २ मिनिटे द्या. सर्व्हर नुकताच सुरू झाला असेल तर डेटाबेस उघडायला तेवढा वेळ लागू शकतो. प्रत काढण्याच्या स्टेपलाही द्या, कारण नेटवर्क क्षणभर जाते. व्याजाच्या स्टेपला मात्र या लेखाचा पुढचा भाग नीट जमल्याशिवाय रिट्राय देऊ नये.

स्टेपचा संदेश इतिहासात ४,००० अक्षरांवर कापला जातो. म्हणून ‘आउटपुट फाइल’ दिलेली बरी.

पुन्हा चालवले तरी बिघडणार नाही अशी प्रोसिजर

१,००,००० रुपयांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज १९.१७८ रुपये होते. प्रोसिजर १५,००० खात्यांपैकी ९,००० खात्यांवर तरतूद टाकून पडली आणि सकाळी कोणी ती पुन्हा चालवली, तर त्या ९,००० खात्यांवर दुप्पट पडते. तेरीज तरीही जुळते, कारण जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्याच वाढलेल्या असतात. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपते आणि थेट लेखापरीक्षणात सापडते.

यावर तीन कुलपे लावा. पहिले, नोंदवही: ‘कामकाजाची तारीख’ आणि ‘कामाचा प्रकार’ या जोडीवर युनिक असलेले, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारे, एक टेबल. काम पूर्ण झाले की त्यात ओळ पडते, आणि सुरू होताना प्रोसिजर आधी तिथे पाहते. ओळ असेल तर काही न करता यशाने बाहेर पडते. दुसरे, तरतुदीच्या टेबलवर खाते क्रमांक, तारीख आणि नोंदीचा प्रकार मिळून युनिक की. पहिले कुलूप चुकून निघाले तरी एरर २६२७ येऊन दुसरी नोंद अडते. तिसरे, तरतूद आणि नोंदवहीतली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. दोन्ही टिकतील नाहीतर दोन्ही परत जातील.

प्रोसिजरच्या सुरुवातीला ‘एक्सॅक्ट_अबॉर्ट’ (चूक होताच ट्रान्झॅक्शन रद्द करणारी सेटिंग) ऑन करा, काम ‘ट्राय’मध्ये ठेवा, आणि ‘कॅच’मध्ये रोलबॅक करून (झालेले बदल मागे घेऊन) ‘थ्रो’ने चूक वर पाठवा. रोलबॅकच्या ओळीनंतर अर्धविराम विसरू नका, नाहीतर सर्व्हर ‘थ्रो’ हे ट्रान्झॅक्शनचे नाव समजतो. पुष्कळ जुन्या प्रोसिजरमध्ये ‘कॅच’ फक्त चूक एका टेबलमध्ये लिहून गप्प बसतो. मग एजंटला सगळे ठीक वाटते, हिरवी खूण पडते आणि खात्यांवर मात्र काहीच आलेले नसते. ‘थ्रो’ऐवजी ‘रेझएरर’ वापरत असाल तर तीव्रता १६ द्या. १० किंवा त्याखालची तीव्रता एजंट चूक म्हणून धरतच नाही.

वीस-तीस हजार खात्यांचे काम रात्री एका ट्रान्झॅक्शनमध्ये करायला हरकत नाही. खाती काही लाख असतील तर ४,००० च्या तुकड्यांनी करा. एका स्टेटमेंटने सुमारे ५,००० लॉक घेतले की सर्व्हर पूर्ण टेबल कुलूपबंद करू पाहतो. तुकडे केल्यावर आधी लावलेली युनिक की अधिकच महत्त्वाची होते, कारण आता काम खरोखरच अर्ध्यावर थांबू शकते. राहिलेलीच खाती उचलायची, हे प्रोसिजरला त्या कीवरून कळले पाहिजे.

दिवस मोजण्याबद्दलही लिहायला हवे. ‘आज एक दिवस’ असे धरू नका. मागील तरतुदीच्या तारखेपासून आजच्या कामकाजाच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजा. रविवारी संस्था बंद असली तरी व्याज थांबत नाही, सोमवारी वरच्या ठेवीवर दोन दिवसांचे ३८.३६ रुपये पडायला हवेत. रकमेसाठी फ्लोट वापरू नका, डेसिमल वापरा आणि दशांशानंतर किमान चार घरे ठेवा. रोज १९.१८ असे पूर्णांकित केले तर वर्षाला ७,००० ऐवजी ७,०००.७० रुपये होतात. अशी १०,००० खाती असतील तर संस्थेला ७,००० रुपयांचा फरक दिसतो आणि तो कुठून आला हे शोधायला आठवडा जातो. पूर्णांकन प्रत्यक्ष व्याज जमा करतानाच करावे.

वेळापत्रक

‘शेड्यूल्स’ पानावर ‘रिकरिंग’, रोज, रात्री ९:३० असे लावा. एजंट सर्व्हरच्या स्थानिक वेळेवर चालतो. सर्व्हर क्लाउडवर असेल आणि त्याचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर तिथले ९:३० म्हणजे आपले पहाटेचे ३:००. अशा सर्व्हरवर दुपारी ४:०० ची वेळ द्यावी लागते.

वीज गेली, यूपीएस उतरला आणि ९:३० ला सर्व्हर बंद होता, तर एजंट ती वेळ सोडून देतो. वीज आल्यावर राहिलेला जॉब आपोआप चालत नाही. त्यासाठी त्याच जॉबला दुसरे शेड्यूल जोडा: ‘स्टार्ट ऑटोमॅटिकली व्हेन एसक्यूएल सर्व्हर एजंट स्टार्ट्स’. पण त्याला एक धोका आहे. भर दुपारी, काउंटर चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी जॉब उठेल. म्हणून पहिली स्टेप फक्त असे दिवस शोधते, जे व्यवस्थापकांनी सॉफ्टवेअरमध्ये बंद केले आहेत आणि ज्यांची नोंदवहीत ओळ नाही. असा दिवस नसेल तर पुढच्या सर्व स्टेप स्वतःच तपासून रिकाम्या हाताने परत येतात. इथे ‘काम नाही म्हणून पहिली स्टेप फेल करायची आणि अपयशावर यश नोंदवायचे’ ही युक्ती पुष्कळ जण वापरतात. ती टाळा, खरी चूकही त्याच दाराने निसटते.

रात्री ९:३० ला दिवस बंदच केलेला नसेल, तर मात्र पहिल्या स्टेपने ‘दिवस बंद नाही’ असा स्पष्ट मराठी संदेश देऊन फेल जावे. सुट्टीच्या दिवशी दिवस उघडलेलाच नसतो, त्यामुळे सुट्ट्यांची वेगळी यादी जॉबला द्यावी लागत नाही.

महिनाअखेरीच्या जॉबला ‘दिवस ३१’ लावू नका. महिन्याचा ‘लास्ट डे’ असा पर्याय त्याच खिडकीत आहे. जॉब चालू असताना त्याचीच पुढची वेळ आली तर एजंट दुसरी प्रत सुरू करत नाही. ही चांगली गोष्ट आहे, पण एका जॉबमधून ‘एसपी_स्टार्ट_जॉब’ने दुसरा सुरू केला तर पहिला त्याच्यासाठी थांबत नाही, हे लक्षात असू द्या. क्रम हवा असेल तर स्टेप एकाच जॉबमध्ये ठेवा.

बॅकअप आणि त्याची प्रत

फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. रोज तेच नाव दिले आणि ‘इनिट’ लिहिले नाही, तर प्रत्येक बॅकअप त्याच फाइलला मागून जोडला जातो आणि ती फुगत राहते. ‘चेकसम’ आणि ‘कॉम्प्रेशन’ दोन्ही लावा. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’वर (प्रत्येक बदलाची नोंद लॉग फाइलमध्ये जपणाऱ्या पद्धतीवर) असेल तर दिवसभर दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअपचा वेगळा जॉब हवा. तो नसेल तर लॉग फाइल डिस्क भरेपर्यंत वाढते आणि एके दिवशी एरर ९००२ येऊन काउंटर थांबतो.

दुसऱ्या मशीनवर प्रत नेण्यासाठी ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ प्रकारच्या स्टेपमधून विंडोजची रोबोकॉपी ही फाइल उतरवणारी आज्ञा वापरतात. एजंट शून्य हा निकालच यश मानतो, तर रोबोकॉपी फाइल नीट उतरल्यावर १ परत करते. त्यामुळे प्रत नीट निघूनही स्टेप रोज फेल दिसते. मग कोणीतरी कंटाळून ‘अपयश आले तरी यश’ लावून टाकतो, आणि ज्या दिवशी प्रत खरोखर जात नाही तो दिवसही हिरवाच दिसतो. योग्य उपाय म्हणजे छोटी बॅच फाइल: रोबोकॉपीचा निकाल ८ किंवा जास्त असेल तर १ देऊन बाहेर पडा, नाहीतर शून्य देऊन.

सगळे जॉब, शेड्यूल आणि इतिहास ‘एमएसडीबी’ या डेटाबेसमध्ये राहतात. त्याचाही रोज बॅकअप घ्या. सर्व्हर नव्याने उभा करताना संस्थेचा डेटाबेस मिळतो आणि जॉब मात्र सगळे गेलेले असतात, असे यामुळेच होते.

कळवणार कोण

‘मॅनेजमेंट’खालच्या ‘डेटाबेस मेल’मध्ये प्रोफाइल तयार करा आणि चाचणी मेल पाठवून पाहा. मग एजंटच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘अलर्ट सिस्टिम’ पानावर ‘एनेबल मेल प्रोफाइल’ची खूण करा आणि एजंट रीस्टार्ट करा. चाचणी मेल येतो पण जॉबचा मेल येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा ही राहिलेली खूण असते. ‘ऑपरेटर्स’मध्ये एका माणसाचा नव्हे, तर दोघांना पोहोचेल असा पत्ता घाला आणि जॉबच्या ‘नोटिफिकेशन्स’ पानावर फेल झाल्यास मेल लावा.

पण जॉब सुरूच झाला नाही तर फेल झाल्याचा मेलही येत नाही. म्हणून शेवटच्या स्टेपमधून रोज एक मेल पाठवा: कामकाजाची तारीख, किती खात्यांवर तरतूद झाली, एकूण रक्कम, तेरजेतला फरक आणि बॅकअपच्या फाइलचा आकार. सकाळी हा मेल दिसला नाही, तर काउंटर उघडण्याआधी सर्व्हर पाहायचा, असा नियम व्यवस्थापकांनी घालून द्यावा. खात्यांची संख्या कालपेक्षा एकदम निम्मी झाली, तर ते डोळ्यांना लगेच दिसते. कोणतीही हिरवी खूण ते सांगत नाही.

हाताने चालते, जॉबमधून नाही

तीच प्रोसिजर मॅनेजमेंट स्टुडिओत चालते आणि एजंटमधून पडते, तेव्हा आधी ही कारणे पाहा. एजंट ‘कोटेड_आयडेंटिफायर’ ऑफ ठेवून जोडणी करतो, स्टुडिओ ऑन ठेवतो. फिल्टर केलेला (फक्त ठराविक ओळींचा) इंडेक्स असलेल्या टेबलवर स्टेपमधूनच थेट अपडेट केले तर एरर १९३४ येते. प्रोसिजर तयार करतानाची सेटिंग तिच्यासोबत जतन होते, त्यामुळे काम प्रोसिजरमध्ये असेल तर ही अडचण सहसा येत नाही. एजंटची ‘टेक्स्टसाइझ’ १,०२४ असते, म्हणून लांब मजकूर किंवा एक्सएमएल कापून येतो. स्टेपच्या सुरुवातीला ती वाढवा.

जॉब किती वेळ चालला हे ‘सिसजॉबहिस्टरी’ या इतिहासाच्या टेबलमधून काढणार असाल, तर कालावधीचा आकडा तास-मिनिटे-सेकंद जोडून लिहिलेला असतो. १०२३० म्हणजे १ तास २ मिनिटे ३० सेकंद. तो सेकंद समजून सरासरी काढली तर सगळे चुकते.

एक्सप्रेस वापरणाऱ्यांसाठी

विंडोजचा ‘टास्क शेड्युलर’ आणि ‘एसक्यूएलसीएमडी’ (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवणारे साधन) ही जोडी वापरा. एसक्यूएलसीएमडीला ‘मायनस बी’ हा पर्याय दिलाच पाहिजे. तो नसेल तर एसक्यूएलमध्ये चूक होऊनही निकाल शून्य येतो. टास्कमध्ये ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडा. ‘सेटिंग्ज’मध्ये वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूण करा, ही सोय एजंटपेक्षाही सरस आहे. ‘कंडिशन्स’मधली ‘फक्त एसी पॉवरवर असताना’ ही खूण काढून टाका. यूपीएस यूएसबीने जोडला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजते, आणि नेमकी वीज नसताना टास्क सुरूच होत नाही. एक्सप्रेसमध्ये बॅकअपला ‘कॉम्प्रेशन’ चालत नाही, तो शब्द वगळा.

सुरू करण्याआधीची चाचणी

चाचणीच्या डेटाबेसवर एकदा नीट चालवा आणि लगेच दुसऱ्यांदा चालवा. दुसऱ्या वेळी एकाही खात्यावर नवी नोंद येता कामा नये. मग व्याजाची स्टेप चालू असताना एसक्यूएल सर्व्हरची सेवा बंद करा, ती आणि एजंट पुन्हा सुरू करा आणि जॉब आपणहून उठून उरलेले काम पूर्ण करतो का ते पाहा. बॅकअप फोल्डरचे नाव बदलून जॉब फेल जाऊ द्या आणि मेल दोघांनाही पोहोचला का ते फोनवर तपासा. पुढचे सात दिवस जॉबची तेरीज आणि हाताने काढलेली तेरीज शेजारी ठेवून ताडून पाहा, त्यात महिनाअखेर येईल असा आठवडा निवडा. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुसऱ्या मशीनवरची बॅकअप फाइल प्रत्यक्ष रिस्टोर करून त्या दिवसाची किर्द उघडून पाहा. बॅकअप तपासणारी ‘व्हेरिफायओन्ली’ ही आज्ञा फाइल वाचता येते एवढेच सांगते.